हळदी रंगाचं पातळ

मद्रासच्या एका स्टुडिओत एके काळी एक वृद्ध छायाचित्रकार काम करीत असे. घराणं तंजावरचं, म्हणून मराठी उत्तम बोले. काळ कृष्णधवल चित्रपटांचा. कोल्हापूरहून आलेला एक शिष्य त्याच्याजवळ विद्या शिकत होता.

एके दिवशी विधवेच्या शोकाचा प्रसंग घ्यायचा होता. तो करणारी नटी विशालम स्वतःच नुकती विधवा झालेली. सासरच्यांनी तिला पांढऱ्यात गुंडाळलं आणि तसंच कामावर धाडलं. तिच्या मिळकतीचा विटाळ मात्र कुणाला झाला नाही! वृद्धाने तिला क्षणभर न्याहाळलं आणि नेसायला फिकट हळदी रंगाचं पातळ दिलं.

शिष्य चरकला. "गुरुजी, ही तिची थट्टा नव्हे का?"

"पांढरं कापड दिव्यांखाली फार चकाकतं. हे पडद्यावर पांढरंच दिसेल," एवढंच वृद्ध बोलला.

विशालम कॅमेऱ्यापुढे अशी रडली, की दिवेवाल्यांनीही डोळे पुसले. वृद्ध मात्र म्हणाला, "जमलं नाही. पुन्हा." दुपारी तेच, संध्याकाळी तेच. निर्माता कडाडला, "म्हातारचळ लागलाय याला! फिल्म काय झाडाला लागते?" वृद्ध "उद्या पुन्हा घेऊ," म्हणाला आणि दिवे मालवायला सांगितले.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, पहिल्याच खेपेला उत्तम झालं होतं. मग खोटं का बोललात?"

"प्रसंग थांबला की ती काय करते, पाहिलंस? कोपऱ्यात बसून पदरावरून हात फिरवत राहते. बाळा, कॅमेऱ्याला रंग कळत नाही, म्हणून इथे तिला हा नेसता येतो. त्या फाटकाबाहेर जन्मात मिळायचा नाही. तिचं दुःख मी हलकं करू शकत नाही रे. आणखी एक दिवस तेवढा देता येईल."

तोही देता आला नाही. सकाळी निर्मात्याने कॅमेऱ्यामागे दुसराच माणूस उभा केला आणि प्रसंग एका खेपेत उरकला. विशालमने पातळाची घडी घातली, शिष्याच्या हाती दिली. घडीवरून हात काढवेना तिला. मग पांढरं नेसून ती खाली मानेने निघून गेली.

पुढे चित्रपट लागला. शिष्य थिएटरात बसला होता. पडद्यावर विशालम आली आणि शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला, "पांढरं काय शोभतं गं हिला!"

शिष्याने तोंडावर रुमाल धरला. त्या अंधारात हळदी रंग दिसत होता तो एकट्या त्यालाच.