गाडीला आई आहे का?

आमच्या सोसायटीत कॅमेरा एकच बसणार होता, आणि तो चेअरमन नाडगौडासाहेबांच्या नव्या गाडीवर रोखायचा, हे साहेबांनीच ठरवून टाकलं होतं. मला तो फाटकाकडे हवा होता. माझा अडीच वर्षांचा ओजस दोनदा डोळा चुकवून थेट रस्त्यावर गेला होता. चित्र मोबाइलवर दिसणार असल्यामुळे पोळ्या लाटतानाही फाटकावर नजर ठेवता आली असती. माझे दोन डोळे मला पुरत नाहीत, हे एव्हाना अख्ख्या सोसायटीला माहीत होतं.

कॅमेरा बसवणारे शौकतभाई शिडीवर चढले, तेव्हा मी धीर करून साहेबांना विनंती केली.

"अहो वहिनी," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराला सांभाळायला आई असते. माझ्या गाडीला आई आहे का?"

शिडीभोवती जमलेले लोक हसले.

"आई नाही साहेब, पण पंखही नाहीत," माझ्या तोंडून निघून गेलं. "चोर येणार फाटकातून आणि गाडी नेणारही फाटकातूनच. गाडीवर कॅमेरा ठेवलात तर त्याची पाठ दिसेल, मग रिकामी जागा. फाटकावर ठेवलात तर तो आत शिरतानाच तोंड दिसेल. चोर तुम्हाला कधी बघायचाय?"

आता लोक माझ्या बाजूने हसले. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग फाटकाकडे.

"शौकत, फाटकाकडे फिरव," ते घसा खाकरून म्हणाले. "आणि थोडा खाली झुकव. अडीच वर्षांचं माणूस एवढ्या उंचावरून दिसायचं नाही."