ओढ्याकाठचं अंथरूण

जंगलात शहाणपण फुकट मिळायचं आणि म्हणूनच कुणी घ्यायचं नाही, तेव्हाची ही गोष्ट. एक म्हातारा सांबर ओढ्याच्या वर, टेकाडावर, करवंदीच्या जाळीला पाठ देऊन बसायचा. खाली धबधब्याशी, गार हिरवळीवर एक चितळ लोळत असायचा.

"आजोबा, घोटभर पाण्यासाठी रोज हा चढउतार! या वयात कसली ही हौस?" चितळ हसायचा.

"अरे बाबा, ओढ्यावर पाणी प्यायला यावं, पथारी पसरायला नाही," सांबर म्हणायचा. सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं.

एका दुपारी बिबट्या ओढ्यावर आला. सांबरानं टेकाडावरून घसा फुटेस्तोवर हाकाटी केली. वानरं शेंड्यावर पळाली, मोर उडाले. चितळ मात्र डोळे मिटून रवंथ करत राहिला. नशीब त्याचं, बिबट्याचं पोट भरलेलं होतं. तो पाणी पिऊन निघून गेला.

सांबर तणतणत खाली उतरला. "गाढवा, बिबट्या तुझ्या शेपटीपाशी पाणी पिऊन गेला! इतका ओरडलो, ऐकू आलं नाही?"

चितळानं कान टवकारले. "काय म्हणताय आजोबा? जरा मोठ्यानं बोला की! इथं पाण्याचा आवाज किती आहे!"