येतो म्हणणाऱ्यांचं गाव

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यात राजा कोण होता हे सांगायला आता कोणी उरलं नाही. राजाचं आपल्याला कामही नाही. आपली गोष्ट आहे एका दोर वळणाऱ्या माणसाची आणि त्याच्या दोन लेकरांची.

या माणसाचे पाय कमरेपासून लुळे होते. लहानपणी ताप आला, पाय घेऊन गेला. पण हात असे, की अंबाडीचा वाख एकदा हातात आला की त्याचा दोर होईपर्यंत थांबायचे नाहीत. चार चाकं ठोकलेल्या एका बुटक्या फळीवर तो बसायचा, दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरायचा आणि जमीन मागे रेटत घरभर, अंगणभर फिरायचा. बायको होती तोवर सगळं नीट चाललं. ती वारली आणि मागे राहिली दोन मुलं. मुलीचं वय झोक्यावर बसण्याचं. मुलाचं वय दिसेल तिकडे पळत सुटण्याचं.

गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. जाता-येता माणसं विचारपूस करायची. 'काही लागलं तर सांगा हं' हे वाक्य तर त्या गावात सकाळ-संध्याकाळ कानावर पडायचं. आणि आपल्याकडे आहे तशीच तिथेही एक रीत होती. निघताना 'जातो' म्हणायचं नाही. ते अशुभ. निघणारा माणूस उंबऱ्याशी वळून म्हणायचा, 'येतो.'

दर वर्षी सुगी संपली की ओढ्यापलीकडच्या आमराईत झोक्यांचा मेळा भरायचा. झाडाझाडाला झोके टांगायचे, आणि ते सगळे दोर याच माणसाच्या हातचे. पण त्याच्या मुलांनी तो मेळा कधी पाहिला नव्हता. वाटेत आधी उतार, मग ओढा, मग आमराईतली भुसभुशीत माती. फळीवर बसलेल्या माणसाने दोन मुलांना घेऊन तिथवर जायचं कसं?

त्या वर्षी मेळा जवळ आला तेव्हा मुलगी आपणहून म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं. मला झोका आवडतच नाही."

जन्मात कधी झोक्यावर न बसलेली पोर झोका आवडत नाही म्हणते, हे ऐकून बापाच्या हातातला पीळ सुटला. हट्ट करायच्या वयात ही मागायचंच विसरायला लागली. "आपण जायचं," तो म्हणाला. "या वर्षी जायचंच."

म्हणायला म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. उतारावर फळी निसटली तर? ओढ्यात धाकट्याचा हात सुटला तर? गर्दीत मुलगी एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे गेला, तर फळी कोणामागे रेटायची? दोर वळता वळता तो मनातल्या मनात मेळ्याला जाऊन यायचा, आणि दर खेपेला काहीतरी विपरीत घडायचं.

मेळ्याच्या आदल्या दिवशी शेजारचा लोहार दोर न्यायला आला. ऐसपैस बसला, गप्पा झाल्या. बापाच्या ओठांवर विचारणं यायचं आणि परत आत जायचं. मागायची सवय नसली की माणसाचं असंच होतं. शेवटी लोहार उठला, दोर खांद्यावर टाकला, वहाणा पायात सरकवू लागला, तेव्हा कुठे हा घाईघाईने म्हणाला, "लोहारदादा, उद्या मेळ्याला निघावं म्हणतोय. सकाळी उतारावर जरा हात द्यायला आलात तर..."

"निघा की, निघा. पोरांना बरं वाटेल," लोहार म्हणाला. "बरं, येतो हं."

दुपारी कासारीण मुलीला बांगड्या भरायला आली. इथेही तेच. ती टोपली डोक्यावर चढवत असताना हा म्हणाला, "वहिनी, उद्या ओढ्यातून या दोघांना तेवढं हाताला धरून नेलंत तर..."

"होईल हो सगळं नीट. नका जिवाला लावून घेऊ," कासारीण म्हणाली. "येते मी."

बापाने मुलीला जवळ बोलावलं. "उतारावर लोहारकाका येणार आहेत, ओढ्यावर कासारकाकू. आता कसली काळजी नाही." मुलीने नव्या बांगड्या वाजवून बघितल्या आणि ती पहिल्यांदाच म्हणाली, "झोका किती उंच जातो हो बाबा?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं आवरून ओट्यावर येऊन बसली. मुलीच्या केसांना तेल, धाकट्याच्या अंगात धुतलेलं अंगडं, फडक्यात दशम्या. समोरून गाव चाललं होतं. जो तो विचारायचा, "काय, निघालात का मेळ्याला?" बाप म्हणायचा, "हो, निघतोच आहोत." तो म्हणायचा, "छान. बरं, येतो." आणि पुढे जायचा.

ओट्यावर ऊन आलं. धाकटा कुरकुरू लागला. मुलगी वाटेकडे बघायची, मग बापाकडे. "येतील," बाप म्हणायचा. "येतो म्हणालेत." तो फळीवरचे ठोकळे उचलायचा आणि परत ठेवायचा. आपण नीट सांगितलं ना? ऐकलं ना त्यांनी? की सकाळ म्हणजे कुठली सकाळ हे सांगायचं राहिलं?

इतक्यात लोहार आपल्या बायकामुलांना घेऊन समोरून गेला. खुशीत होता. लांबूनच हात हलवून म्हणाला, "येतो हो," आणि वळणावर दिसेनासा झाला.

मुलगी त्या वळणाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "बाबा, येतो म्हणजे जातो का?"

बापाला तेव्हा उलगडलं. लोहार यायचं म्हणाला नव्हता, तो निरोप घेत होता. कासारीणही तशीच. जन्मभर ऐकलेला शब्द, पण गरज अशी होती की बापाला त्याचा एकच अर्थ ऐकू आला होता. लाज वाटली, रागही आला, आणि कोणावर रागवावं तेही कळेना. मुलगी फडक्यातल्या दशम्या आत न्यायला उठली.

"राहू दे," बाप म्हणाला. "निघायचं."

उताराच्या तोंडाशी एक चिंच होती. बापाने बरोबर घेतलेला लांब दोर चिंचेच्या बुंध्यामागून फिरवून घेतला, एक टोक फळीला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि दोर थोडा थोडा सोडत खाली उतरू लागला. धाकटा मुलीच्या कडेवर. फळी दगडावर उडाली की मुलगी धाकट्याला घट्ट धरायची. खाली पोचला तेव्हा बापाच्या तळहातांची सालं गेली होती. वाटेने जाणारे दोघेतिघे थांबून म्हणाले, "काय डोकं चालवलंय." मग तेही पुढे गेले. कौतुक करायला थांबावं लागत नाही फार वेळ.

ओढ्यात बापाने धाकट्याला पुढ्यात घेतलं आणि दोराचा फास त्याच्या कमरेभोवती टाकून दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं. मागून मुलीने रेटलं. मध्यावर चाक दोन गोट्यांत अडकलं. मोठ्या माणसांच्या गुडघ्याएवढं पाणी, पण फळीवरच्या बापाच्या छातीला लागलं. आजूबाजूने माणसं लुगडी-धोतरं उचलून चालली होती. कोणी म्हणालं, "डावीकडून घ्या." कोणी म्हणालं, "उजवीकडे उथळ आहे." सगळ्यांनी म्हटलं, "सांभाळून हं." एवढा सल्ला मिळाला, की त्यातला निम्मा कोणी हाताने दिला असता तर फळी उडत पलीकडे गेली असती. मुलीने दात-ओठ खाऊन रेटलं तेव्हा ती सुटली. धाकट्याला मात्र फार मजा वाटत होती. तो पाण्यावर थापट्या मारत होता आणि बापाला वाटत होतं, याचं हसू आत्ता थांबेल आणि काहीतरी होईल.

तिघं भिजलेली आमराईत पोचली. झाडाझाडाला झोके, त्यांच्यावर किलबिलणारी पोरं. आणि आमराईच्या मातीत फळीची चाकं रुतली ती रुतलीच.

"जा," बाप मुलीला म्हणाला. "रांगेत उभी राहा."

"आणि धाकटा?"

"मी आहे ना."

"तुमच्याने पळवत नाही बाबा," मुलगी म्हणाली. टोचून नव्हे. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तशी.

"दोर बांधलाय त्याला. जा तू."

ती गेली. तिची पाळी आली, ती पाटावर चढली, दोर घट्ट धरले. आता बापापुढे पेच पडला. डोळे दोन, पण एका वेळी बघता येतं एकीकडेच. पहिला झोका होता मुलीचा. त्याने मुलीकडे बघितलं.

तेवढ्यात धाकट्याने डाव साधला. ओलं अंगडं त्याला टोचत होतं. त्याने ते डोक्यावरून ओढून काढलं, आणि अंगड्याबरोबर दोराचा फासही डोक्यावरून निघाला. गाठ तशीच होती. तिच्यात धाकटा नव्हता. तो उघडा, हसत, बहिणीकडे धावत सुटला, आणि मधे मोठ्या मुलांचा झोका पूर्ण वेगाने खाली येत होता.

बाप ओरडला. त्याने ठोकळे मातीत रोवून रेटलं, फळी हलेना. तेव्हा त्याने फळीवरून अंग टाकून दिलं आणि कोपरांवर सरपटत निघाला. पण त्याच्याआधी मुलीने पाहिलं. झोक्यावरून तिने उडी मारली, गुडघ्यांवर आपटली आणि धाकट्याला धरून जमिनीशी चिकटली. मोठा झोका त्यांच्या डोक्यावरून सपकन निघून गेला.

आमराईतले सगळे झोके थांबले. आमराई राखणारी एक म्हातारी होती आणि तिथे तिचाच शब्द चालायचा. ती काठी टेकत आली. "लेकरू कुणाचं हे?"

"माझं," बाप जमिनीवरून म्हणाला.

"एवढंसं पोर असं सोडतात का रे?"

दुसऱ्या एखाद्या दिवशी तो 'चुकलं' म्हणून गप्प बसला असता. पण मुलीच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं आणि ती रडतही नव्हती. ते त्याच्याने बघवलं नाही. "आजी," तो म्हणाला, "मी एकटा निघणारच नव्हतो. मला एकट्याला जमत नाही. लोहारदादा येतो म्हणाले होते, कासारवहिनी येते म्हणाल्या होत्या. मी त्यांच्यावर विसंबलो."

लोहार तिथेच होता. तो हसायला लागला. "अरे बाबा, मी निरोप घेत होतो. निघताना येतो म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं." कासारीणही पदर तोंडाला लावून हसली, आणि मग सगळेच हसले.

म्हातारी हसली नाही. "हात द्यायला या, असं हा तुला म्हणाला होता का?"

"म्हणाला असेल. मी वहाणा घालत होतो."

"ऐकलं होतंस का?"

लोहाराने मान खाजवली. "अर्धं ऐकलं."

"आणि येतो मात्र पुरं म्हणालास."

तेव्हा मुलगी बोलली, आणि ती म्हातारीशी नाही, लोहाराशीच बोलली. "काका, आम्ही ओट्यावर ऊन येईपर्यंत बसलो होतो. बाबा म्हणत होते, येतील, येतो म्हणालेत."

हसणारे ओशाळले. त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या सकाळी त्या ओट्यावरून जाताना येतो म्हटलं होतं.

म्हातारी म्हणाली, "शब्द दिला होता की निरोप होता, याचा निवाडा मला नको. ही माणसं त्या शब्दावर बसून राहिली, एवढं पुरे. आता आलाच आहेस तर धाकट्याला धर. आणि तू गं, बांगड्यांची टोपली ठेव बाजूला, पोरीला झोका दे. ती पुरे म्हणेपर्यंत. तोवर दुसरा कुठलाही झोका हलणार नाही."

लोहाराने मुकाट्याने धाकट्याला खांद्यावर घेतलं. धाकट्याने लगेच त्याच्या मिशा पकडल्या. कासारिणीने पोरीचे गुडघे धुतले, तिला पाटावर बसवलं आणि झोका दिला. आधी बेताचा, मग मोठा, मग फांदीएवढा. लोहाराची स्वतःची पोरं तोंडं पाडून रांगेत उभी होती. कासारीण मधूनमधून विचारायची, "पुरे का गं?" मुलगी वरून म्हणायची, "अजून." ऊन झाडांमागे कललं, लोहाराचे खांदे दुखले, कासारिणीचे हात भरून आले. मुलगी म्हणत राहिली, "अजून."

दोघा गावकऱ्यांनी बापाला उचलून झाडाला टेकवून बसवलं होतं. सुरुवातीला त्याचा हात सारखा कमरेच्या दोराकडे जायचा. धाकटा कुठे आहे हे बघायला मान वळायची. हळूहळू ती वळायची थांबली. सबंध दिवसात, खरं तर बायको वारल्यापासून, तो पहिल्यांदाच एकाच गोष्टीकडे बघत होता. वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या आपल्या मुलीकडे. त्याला रडू आलं आणि त्याने डोळे पुसले नाहीत.

घरी परतताना फळीला लोहाराचे आणि कासारिणीचे असे चार हात होते.

पण त्या गावाची पुढे मोठी पंचाईत झाली. कोणाकडूनही निघायची वेळ आली की माणूस उंबऱ्याशी घुटमळायचा. जातो म्हणणं अशुभ, आणि येतो म्हणावं तर यावं लागतं. वहाणा पायात घालून माणसं उगीच उभी राहायची. बापही शहाणा झाला. काही मागायचं असेल तर पाहुणा बसलेला असतानाच मागू लागला. मग एकदा त्याच्याच ओट्यावरून निघताना कासारीण अडखळली, थांबली आणि म्हणाली, "बरं मग, कधी येऊ?"

तेव्हापासून त्या गावात निरोप घेताना सगळे तेच विचारतात. आणि समोरचा सांगतो तेव्हा येतात.

तात्पर्य : आपल्या शब्दावर कोणी वाट बघत बसलं, की तो शब्द आपण पाळायलाच हवा, म्हणताना आपल्या मनात काहीही असो.