उन्हात टांगलेला धाकटा

"दादाच्या अंगावरच्या भेगा कुणालाच कशा दिसल्या नाहीत?" जीपगाड्या नव्यानं आल्या होत्या त्या काळी एक धाकटा टायर हे ज्याला त्याला विचारत होता. त्याचा दादा, पुढचा टायर, नुकताच घाटात फुटला होता.

जीपवाल्या सखूमावशी पोरांना शाळेत पोचवायच्या. जीपमागं टांगलेल्या धाकट्याला, म्हणजे स्टेपनीला, दादाच्या जागी लावून त्या कशाबशा टायरच्या दुकानात आल्या. तिथं धाकट्याला उतरवून भिंतीला टेकवलं, आणि मावशींना शेजारचा काळाभोर, चकचकीत टायर पसंत पडला.

धाकट्याला पॉलिशचा वास आला. याच्याही भेगा पॉलिशखाली झाकल्या असतील तर? तो घाबरला आणि मागचापुढचा विचार न करता त्या टायरवर आदळला. पॉलिश खरवडलं गेलं. खाली भेगाच भेगा!

"अहो रावजी, मला पोरं बसवायचीत!" मावशी दुकानदारावर कडाडल्या. "त्यापेक्षा आमची स्टेपनीच लावा पुढं. घाटातून इथवर आली तेवढीच, कोरी आहे अगदी."

दादाची जागा! धाकट्याला भरून आलं. पण कितीतरी उन्हाळे तो जीपमागं उन्हात टांगलेला होता. भिंतीकडच्या बाजूला त्यालाही भेगा पडल्या होत्या.

"हलू नकोस, येड्या," चकचकीत टायर पुटपुटला. "दिसल्या तर तूही माझ्यासोबत भंगारात."

"मावशी, चला की लवकर!" जीपमधून पोरं ओरडली.

धाकट्यानं होता नव्हता तेवढा जोर लावला, कूस बदलली आणि भेगांची बाजू मावशींच्या समोर केली.