रेवूची नदी आणि वाटेवरची चौकट

आता कुणाच्याच आठवणीत उरलेला नाही, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका राज्यातल्या म्हाताऱ्या राजमातेचे माहेर दूर डोंगरात, नदीच्या उगमापाशी होते. तिचे पाय आता चालत नव्हते. "एकदा माहेर बघायचंय," एवढेच ती म्हणत असे.

म्हणून रेवू नावाच्या चितारणीने तिकडच्या धनगरांना विचारून विचारून उगमापासून समुद्रापर्यंतची सगळी नदी कापडावर रंगवली. कापड इतके लांब झाले, की राजवाड्याची एकही भिंत पुरेना. तेव्हा तिने सुताराकडून खिडकीएवढी चौकट करवून घेतली. तिला दोन बाजूंना दोन रूळ. एकावरून कापड सुटायचे, दुसऱ्यावर गुंडाळायचे, मधे दिसायचा तेवढाच तुकडा.

ठरल्या दिवशी राजमाता अंगणात येऊन बसली. सारा गाव लोटला. चौकटीची बैलगाडी मात्र अजून वाटेतच होती.

रेवूच्या नवऱ्याला, भिवबाला, धीर धरवेना. "ताटकळत कशाला ठेवायचं?" म्हणत त्याने गुंडाळी सोडली, तीही उलट्या टोकाने. वाऱ्याने कापड भरारले, शेळ्यांच्या पायांत गेले. राजमातेपुढे आला नुसता समुद्र.

"यात माझं माहेर कुठं गं?" तिने रेवूला विचारले.

भिवबाची मान खाली गेली. रेवूने धूळ झटकून कापड गुंडाळले आणि ती राजमातेजवळ बसली. "आईसाहेब, चौकट येतेय. तोवर तुमचं माहेर तुम्हीच आम्हाला सांगा."

 मग करवंदीच्या जाळीत लपून आपण भावाला कसे रडवले, ते राजमाता सांगू लागली. अंगण हसण्याने भरून गेले. गाडी कधी आली, कुणाला कळलेही नाही.

भिवबा रुळाकडे धावला. "आधी चौकट पक्की बसू दे," रेवू म्हणाली, "कापड ताणून घेऊ, मग फिरव." या वेळी त्याने ऐकले.

रूळ फिरला. कातळातून झरा निघाला, झऱ्याकाठी एक घर आले. राजमातेने हात वर केला. भिवबा थांबला.

"आमचा गोठासुद्धा काढलास गं," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हं, चल पुढं."

तुकड्या-तुकड्याने गावाने अख्खी नदी पाहिली. पुढे गावोगावहून त्या दोघांना बोलावणी येऊ लागली, आणि भिवबा दर वेळी चौकट आधी रवाना करी.

तात्पर्य: जागा तयार झाल्याशिवाय काम मांडू नये, आणि तोवर वाट पाहणाऱ्याला एकटे सोडू नये.