पट्टी आणि गॉगल

सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा कॉलेजात हेमलता गावित भौतिकशास्त्र शिकवत. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचं, म्हणजे पोलरायझेशनचं, उपकरण कॉलेजला परवडत नव्हतं, म्हणून बाईंनी बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यांवरच्या पारदर्शक पट्ट्या सोलून काढल्या आणि मुलींकडून त्यांच्यावरच प्रयोग बसवून घेतला.

परीक्षा घ्यायला बाहेरून डॉ. सबनीस आले. पट्ट्या पाहताच ते कडाडले, "हे भंगार आहे! अस्सल उपकरण दाखवा, नाहीतर अकराही जणींना शून्य."

मुली रडवेल्या झाल्या. तेवढ्यात बाईंचं लक्ष सबनीसांच्या कपाळावर चढवलेल्या गॉगलकडे गेलं.

"सर, हा पोलराइज्ड आहे का?"

"अर्थात! जर्मनीहून आणलाय."

"जरा देता?"

बाईंनी गॉगलच्या काचेसमोर पट्टी धरली आणि सावकाश फिरवली. काचेतून दिसणारा खिडकीतला उजेड मंदावत गेला आणि काच काळीकुट्ट झाली.

"दोन्ही अस्सल असतील तरच असा अंधार होतो, सर," बाई म्हणाल्या. "यातलं भंगार कोणतं, तेवढं लिहून द्या."

सबनीसांनी गॉगल खिशात घातला आणि पहिल्या मुलीला प्रयोग सुरू करायला सांगितलं.