हातात एक्का-तिर्री

"म्हणजे जिंकत असलेली पानंसुद्धा टाकायची?"

रेनलने हे इतक्या तोऱ्यात विचारलं की कुंपणापलीकडे माझा हात थांबला. मी मिरच्या खुडत होते. म्हणजे हात मिरच्यांवर, कान बस्त्याव अंकलच्या ओटीवर.

अंकल माझे शेजारी. उमेदीची सगळी वर्षं बोटीवरच्या भटारखान्यात गेली. पत्त्यांत त्यांचा हात धरणारा आमच्या वसईत कुणी नाही. बोट सुटली तसा पैशांचा डावही सोडला. आता चिंचोक्यांवर खेळतात. रेनल डाबरे त्यांचा चेला. डोक्याने तल्लख, पण ते त्याला स्वतःलाही फार चांगलं ठाऊक.

"कधी कधी टाकायची," अंकल म्हणाले.

"ते घाबरटांचं झालं. अंकल, तुम्ही फक्त हो म्हणा. सोमवारी राजीनामा देतो आणि गोव्याला जातो. तिथल्या कॅसिनोच्या टेबलांवर बसायला मी तयार आहे."

"जेसिंताला विचारलंस?"

"ती काय सांगणार? सातवा महिना चालू आहे. तिला हल्ली कशाचीही भीती वाटते."

अंकल कुंपणाकडे न बघताच म्हणाले, "हेमलताबाय, मिरच्या खुडून झाल्या असतील तर या. तिसरा हात हवाय."

आता काय बोलणार. पदराला हात पुसले आणि गेले.

खेळ मला येतो. आंटी गेल्या, तेव्हापासून दुपारचा एक हात कमी पडतो, म्हणून अंकलनीच शिकवला. प्रत्येकाला चार पानं. मधे पाच उघडी, ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली तीन घेऊन जुळवायचं. चिंचोके मधे टाकत जायचे, नाहीतर पानं पालथी टाकून डाव सोडायचा. शेवटी मधल्या चिंचोक्यांचा अर्धा ढीग सगळ्यात भारी पानांना, अर्धा सगळ्यात हलक्या पानांना. हलक्यात एक्का सगळ्यात खाली.

पहिल्या डावात रेनल ओंजळीने चिंचोके लोटत होता. अंकल तेवढेच टाकत होते. मीही.

शेवटी त्याने एक्का-दुर्री आपटली. याहून हलकं काही असूच शकत नव्हतं.

मी माझी पानं उलटी केली. माझीही एक्का-दुर्री.

अंकलकडे तीन राण्या. अर्धा ढीग त्यांच्याकडे गेला. उरलेला अर्धा रेनलने आणि मी वाटून घेतला.

रेनल आपल्या चिंचोक्यांकडे बघत राहिला.

"मी जिंकलो ना?"

"जिंकलास."

"मग माझे कमी कसे झाले?"

"तिघांनी सारखे टाकले. तुझ्या वाट्याला चतकोर आली."

"पण मी हरूच शकत नव्हतो, अंकल."

"हरला नाहीसच."

रेनलचं तोंड उघडं ते उघडंच. खरं सांगते, माझंही. चिंचोके माझेही कमी झाले होते आणि मी मघापासून मनात जिंकल्याच्या आनंदात होते.

"काकींकडे तीच पानं निघाली, हे आपलं नशीब," तो म्हणाला. "वाटा परत."

तिघांनी एकेक मूठ चिंचोके मधे टाकले आणि अंकलनी पानं वाटली. मधे चौकी, छक्की, सत्ती, नव्वी आणि राजा उघडले. माझ्या हातात दोन राजे, मधला धरून तीन. भारी बाजूची मला काळजी नव्हती.

रेनल यावेळी थांबला. पानं जवळ घेतली, लांब धरली. त्याच्याकडे एक्का-तिर्री होती. ते आम्हाला मागाहून कळलं. हलकी खरी, पण कुणाकडे एक्का-दुर्री निघाली की संपलीच.

"टाकून देऊ?" त्याने विचारलं.

"पानं तुझी."

"तुम्ही असता तर?"

अंकल आपली पानं हातात नीट लावत बसले.

रेनलने दोन्ही हातांनी सगळे चिंचोके मधे ढकलले. एकही मागे ठेवला नाही. त्याचा अंगठा थरथरत होता.

अंकलनी आधी त्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे... बराच वेळ. लहान मूल झोपलंय का ते बघावं तसं.

मग आपली चारही पानं पालथी घातली.

"मी टाकली."

मी तेवढेच चिंचोके टाकून राहिले. तीन राजे धरून कोण उठतं?

पानं उघडली. भारी बाजू माझी, हलकी रेनलची. अर्धा ढीग मला, अर्धा त्याला. अंकलची सुरुवातीची मूठही त्यात होती, त्यामुळे यावेळी त्याच्यापुढचे चिंचोके वाढले होते.

"बघा," तो मांडीवर थाप मारत म्हणाला. "चतकोर नाही, पुरता अर्धा. मी टाकली असती तर? तुम्ही आता म्हातारे झालात, अंकल. घाबरलात तुम्ही."

असं कुणी अंकलना बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी पदर तोंडाशी धरला. अंकल मात्र हसले.

"काय कचरा टाकलात, बघू तरी," म्हणत रेनलने हात पुढे केला.

टाकलेली पानं कुणी बघायची नाहीत, हा अंकलचा बोटीपासूनचा नियम. रेनलला तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. अंकलनी पानांवर तळवा ठेवला.

ठेवून राहिले...

मग उचलला.

रेनलने एकेक पान उलटं केलं. दश्शी. गुलाम. एक्का.

चौथ्या पानाला त्याचा हात अडला. मीच पुढे होऊन उलटलं.

दुर्री.

  रेनल एकदा दुर्रीकडे बघे, एकदा आपल्या तिर्रीकडे. माझ्या हातून एक राजा खाली पडला, तो मी उचललाही नाही.

"म्हणजे हा अर्धा... तुमचा होता?"

"हो."

"माझं काहीच नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं. जिंकत असलेली पानं टाकलीत तुम्ही..." त्याने तिर्री खाली ठेवली. "का?"

अंकलनी मधे राहिलेला एक चिंचोका उचलला, फुंकर मारून पुसला आणि रेनलच्याच ढिगावर ठेवला.

"मी टाकली म्हणून तू जिंकलास. गोव्यात तुझ्यासाठी कोण टाकणार आहे, रेनल?"